पवनचक्कीवाल्या दादा, थँक्यू म्हणायचं राहिलंच होतं

दादा, तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण चाळकेवाडीच्या पठारावर दोराला लटकून पवनचक्कीची पाती दुरुस्त करणारा माणूस म्हणलं की ओळखणारे ओळखतीलच.

माझ्या जुन्या जिप्सीला घरीच कार्बन फायबरचं बॉनेट करायचं खूळ डोक्यात होतं. साताऱ्यात ज्याला सांगितलं तो हसला. एका गॅरेजवाल्यानं तर कार्बनच्या डिझाइनचं स्टिकर काढून दाखवलं, म्हणे लांबून कुणाला कळतंय. आणि ज्या दुकानातनं माल घेतला त्यांनी टाक्यांना वापरतात ते पॉलिस्टर रेझिन (थर चिकटवायचं रसायन) गळ्यात मारलं, "सगळ्याला चालतं" म्हणून. एवढं महागाचं कार्बनचं कापड, आणि थर नखानं सोलून निघायला लागले. फोन केला तर म्हणे पावसामुळं झालं असेल. घ्या, पाऊसच गुन्हेगार!

तुम्ही ड्युटी संपवून आलात, तो सोललेला तुकडा उलटासुलटा करून बघितलात आणि हसला नाहीत. एपॉक्सी रेझिन आणायला लावलंत, डब्यावर मास्किंग टेप चिकटवून मार्करनं रेझिन आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण लिहिलंत, "१०० ला ३०, काट्यावर मोजून, अंदाजानं नाही". थरांतली हवा ओढायला फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरवर व्हॅक्यूम कसा काढला ते सगळं आता सांगत बसत नाही.

मला आठवतंय ते नाणं. पार्ट साच्यातनं निघाला, एकदम चकाचक, मी फोटो काढायच्या गडबडीत, आणि तुम्ही खिशातनं नाणं काढून बॉनेटवर टकटक वाजवत सुटलात. सगळीकडं खणखणीत आवाज आणि एका कोपऱ्यात भद्द. आत हवा राहिलीय म्हणालात, पात्यावर पण आम्ही असंच बघतो. मला वाटलं आता तुम्हीच पेन्सिलनं खुणा करून देणार, तर नाणं माझ्या हातात ठेवलंत आणि पायरीवर जाऊन बसलात. "गाडी तुझी हाय, कानाला तुझ्या कळाय पायजे." माझं हुकलं की नुसतं "परत". घरनं फोन येत होते ते तुम्ही कट करत होता, मी बघत होतो पण काही बोललो नाही.

काम येणारी माणसं भरपूर आहेत हो, पण दुसऱ्याला येऊस्तोवर थांबणारा सापडत नाही, बरेच जण तर विचारलं की विषयच बदलतात, जसं काय सांगितल्यानं त्यांचं कमी होणार आहे.

बिजागरीला स्टेनलेसचेच बोल्ट घातलेत, कार्बनला चिकटून ॲल्युमिनियम सडतं म्हणाला होता ना. आणि इंजिनखालची प्लेट पण कार्बनची करायचं डोक्यात होतं ते सोडलं, दगड लागला की लोखंड वाकतंय, हे फुटतंय. प्लेट लोखंडीच लावलीय. आता तुमच्या त्या पेट्रोलच्या पैशाचं बघा, परवा पण वहिनींनी घेतले नाहीत.