कार-टीसाठी रुग्ण वेळेवर पाठवा

संपादक महोदय,

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या रक्ताच्या कॅन्सरवरील 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून त्या परत देणे) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारे औषध इथे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात मिळू लागले. खर्चावर भरपूर लिहून आले, वेळेवर मात्र फारसे नाही.

आधी एक खुलासा. या पेशी बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींवरची सीडी१९ ही खूण शोधून हल्ला करतात, म्हणून उपयोग बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमात, तोही आजार उलटल्यावर किंवा आधीच्या औषधांना दाद न दिल्यावर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरला हे औषध लागू नाही.

इथे कच्चा माल रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. अफेरेसिसच्या (रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या) यंत्रावर तीन-चार तासांत त्या काढतात, प्रयोगशाळेत विषाणूवाहकामार्फत नवे जनुक घालून वाढवतात. केमोचे एकामागून एक कोर्स झालेल्या रुग्णाच्या पेशी संख्येने कमी आणि थकलेल्या असतात. मग बॅच नीट वाढतच नाही. बेंडामस्टिन या केमोच्या औषधाचा फटका तर महिनोन्महिने राहतो. म्हणून आजार उलटल्याचे कळताच, पुढची केमो सुरू करण्याआधी कार-टी केंद्राला फोन करावा, एवढी जिल्ह्यातल्या डॉक्टरांना कळकळीची विनंती. स्टेरॉइडही पेशी काढण्याच्या काही दिवस आधी थांबवावे लागते.

फ्लुडाराबिन-सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधे देऊन झाली की तयार पेशी रुग्णाच्या शरीरात सोडतात. पहिल्या दोन आठवड्यांत ताप, रक्तदाब उतरणे, ऑक्सिजन कमी होणे ही सायटोकाइनची (पेशींतून सुटणाऱ्या, दाह वाढवणाऱ्या रसायनांची) लाट असू शकते. त्यावर टोसिलिझुमॅब हे ती लाट रोखणारे औषध, किलोमागे ८ मिलिग्रॅम, शिरेतून. मेंदूवरचा परिणाम अगदी साध्या गोष्टीत आधी दिसतो. रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात, शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजायला लावतात. काल सरळ असलेली ओळ आज वेडीवाकडी आली, तर डॉक्टरला तेव्हाच बोलवायचे, सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही.

घरी गेल्यावरही रक्तपेशींचे आकडे कित्येक आठवडे, कधी महिनेही, खाली राहतात. १००.४ फॅरनहाइट ताप आला की पॅरासिटामॉलवर रात्र काढू नये. तडक रुग्णालयात जाऊन रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) आणि शिरेतून अँटिबायोटिक. रक्त चढवायचे झाले तर ते इरॅडिएटेडच (किरणांची प्रक्रिया केलेले) हवे, फ्लुडाराबिननंतर साधे रक्त जिवावर बेतू शकते. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते, तेव्हा जवळची कुठली ते डिस्चार्ज कार्डावर केंद्रानेच लिहून द्यावे.

रक्तविकार विभागातील काही डॉक्टर व परिचारिका, मुंबई