आमच्या घरातला मिक्सर

फोंडा, गोवा
१४ जुलै

प्रिय सुहास,

"टोन जमला का?" गिटारच्या आवाजाबद्दल एवढंच तू विचारलंस. उत्तराला तीन रात्री लागल्या, तेव्हा आता सगळं वाच.

गाणं ड्रॉप डी या ट्यूनिंगमध्ये आहे. जाड तार ८२ हर्ट्झवरून ७३ वर उतरवली की पोटात धम्म होतं, ते हवंच होतं. पहिल्या रात्री उसन्या मार्शल जेसीएम ८०० अँम्प्लिफायरला गिटार लावली. हा १९८१ साली बाजारात आलेला राक्षस, पण शेजारी झोपलेले म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला. गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, नऊवर; बास (खालचे सूर) आठ, ट्रेबल (वरचे) आठ, मिड (मधले) दोन. अंगावर काटा आला रे! खालून आई ओरडली, "मिक्सरात खडे पडले काय रे?" मी ते कौतुक समजलो.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला ड्रम सुरू झाले आणि माझी गिटार गायब. हात चालताहेत, ऐकू काही येत नाही. व्हॉल्यूम वाढवला तर नुसता गोंगाट. बास गिटारवाला म्हणाला, "माझ्या घरात का घुसतोस?" खरंच होतं त्याचं. त्याची जाड तार ४१ हर्ट्झला, किक ड्रमही तिथेच आसपास, आणि त्या गर्दीत मी बास आठवर लावून शिरलेलो. गिटारचं घर मिडात. ते मीच पाडून टाकलं होतं.

चूक रात्रीच झालेली. आवाज बारीक असला की कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून माणूस तेच पिळत बसतो. मोठ्याने वाजवल्यावर ते अंगावर येतात.

चवथीची घुमट आरती आठव. एवढी मातीची घुमटं घुमतात, काठ्यांनी वाजवायचा शामेळ कडाडतो, तरी ते एवढंसं कासाळें, म्हणजे झांजच, शेजारच्या वाड्यावर ऐकू जातं. त्याच्या जागेवर दुसरं कोणी बसलेलंच नसतं.

मग मिड सात, बास चार, ट्रेबल सहा. गेन पाचच्याही खाली आणला. हे करताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू? अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर (पायाने दाबायचा इफेक्ट), ड्राइव्ह म्हणजे त्याचा गेन शून्य, लेव्हल पूर्ण. आवाज अँपमध्ये जाण्याआधीच तो खालचा चिखल गाळतो. तारांवर तळहात टेकवून मारलं की आता नारळावर कोयता बसावा तसं खट् वाजतं. आधी शेणात दगड पडल्यासारखं वाजायचं. एकट्याने ऐकलास तर हा टोन किरटा वाटेल तुला. वाटू दे.

रेकॉर्डिंगला एसएम ५७ माइक, स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवून. स्पीकरच्या पडद्याच्या मध्यावर धरला तर दात शिवशिवतात, कडेला नेला तर गोधडी पांघरल्यासारखं. दोन बोटं बाजूला सरकवला तेव्हा जमलं. त्यात पाऊस आणि लाईटचा लपंडाव, एक चांगला टेक गेलाच. जाडपणासाठी गेन वाढवला नाही, तोच रिफ, म्हणजे गिटारचा तोच तुकडा, दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकला. कॉपी करून चालत नाही, हाताचा तो बारीक फरकच हवा.

आईला हेही ऐकवलं. म्हणाली, "खडे गेले, पण मिक्सर चालूच आहे."

फाइल पाठवतोय. हेडफोन नको, गाडीत ऐक. दुसऱ्या कडव्यात डावीकडे मी घाई केली आहे, ते मात्र सांगू नकोस, मला माहीत आहे.

तुझाच,
अवी