गुन्हेगारच एकमेव साक्षीदार असतो तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मी आग्रहाने सुचवलेला ‘द सीक्रेट्स वी कीप’ हा चित्रपट तू तळघरातील चौकशीच्या प्रसंगापर्यंत पाहिलास आणि तिथेच थांबवलास, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. बांधून ठेवलेल्या माणसाचे हाल पाहणे तुला सोसवले नाही आणि एका सूडकथेसाठी प्रेक्षकाने एवढे का सोसावे, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. त्यासाठी मला चित्रपटाचा शेवट सांगावा लागेल. तू तो पुन्हा लावणार नाहीस असे स्पष्ट लिहिले आहेस, त्यामुळे ही मोकळीक घेतो.

कथेचा सांगाडा तुला ठाऊकच आहे. दुसरे महायुद्ध संपून सुमारे पंधरा वर्षे झाली आहेत. अमेरिकेतील एका लहान गावात माया नावाची स्त्री आपला डॉक्टर नवरा लुईस आणि लहान मुलगा यांच्यासह राहते. ती मूळची रुमानियाची, रोमा म्हणजे जिप्सी समाजातील. एके दिवशी तिला एका अनोळखी माणसाची शीळ ऐकू येते आणि युद्धाच्या अखेरच्या काळातली एक रात्र तिच्यासमोर उभी राहते. त्या रात्री जर्मन सैनिकांच्या एका टोळीने तिच्यावर आणि तिच्याबरोबरच्या बायकांवर अत्याचार केले होते, आणि तिची बहीण तिथेच मारली गेली होती. शीळ घालणारा माणूस त्या टोळीतलाच, अशी मायाची खात्री पटते. ती त्याच्या डोक्यात हातोडा घालून त्याला गाडीच्या डिकीत कोंबते, पण ऐनवेळी गोळी झाडू शकत नाही आणि त्याला घरी आणून तळघरात डांबते. तो सांगतो की आपण स्वित्झर्लंडचे, आपले नाव थॉमस, युद्धाशी आपला काही संबंध नाही. इथवर तू पाहिले आहेस.

आता मायाला नेमके काय हवे आहे ते बघ. त्याला ठार करायचे असते तर ते पहिल्याच दिवशी झाले असते, कारण पिस्तूल तिच्या हातात होते आणि आजूबाजूला कोणी नव्हते. तिला त्याचा जीव घेण्याआधी त्याच्याकडून काहीतरी ऐकायचे आहे. सुरुवातीला आपल्याला वाटते की तिला फक्त गुन्ह्याची कबुली हवी असेल. हळूहळू कळते की तिच्या मनात त्याहून भयंकर काहीतरी रुतून बसले आहे. त्या रात्रीचा शेवट तिला आठवत नाही. बहिणीला गोळी लागली तेव्हा आपण तिचा हात धरून होतो, की तिला मागे टाकून पळालो, हे तिला माहीत नाही. पंधरा वर्षे ती या शंकेसह जगली आहे, आणि शंकेचे निरसन करू शकणारा जिवंत माणूस जगात एकच आहे, जो त्या रात्री तिच्या अंगावर चालून आला होता. त्याला मारले तर तिच्या आठवणीचा एकमेव साक्षीदार मरतो आणि सोडून दिले तर तो आपले खोटे आयुष्य पुन्हा सुरू करतो. मला हा चित्रपट या एका कोंडीसाठी मोलाचा वाटतो. सूडाच्या बहुतेक कथांत सूड घेणाऱ्याला सत्य आधीच ठाऊक असते, त्याला उरलेले असते ते फक्त शिक्षा देणे. इथे सत्यच गुन्हेगाराच्या ताब्यात आहे.

दिग्दर्शक युवाल अ‍ॅडलर यांनी २०२० च्या या चित्रपटात आणखी एक धाडस केले आहे. बराच वेळ ते आपल्याला मायाच्या बाजूने ठामपणे उभे राहू देत नाहीत. नूमी रापास या अभिनेत्रीने मायाची खात्री इतक्या तीव्रतेने साकारली आहे की त्या तीव्रतेचीच भीती वाटू लागते आणि जोएल किनामनने रंगवलेला थॉमस इतक्या सातत्याने नकार देतो की लुईसप्रमाणे आपणही डळमळतो. ती चुकत असेल तर? ती एका निरपराध माणसाचा छळ करत असेल तर? तुला तळघरातील प्रसंग असह्य झाला, तो याच शंकेमुळे असावा असे मला वाटते. तो नक्की गुन्हेगार आहे असे तुला आधीच सांगितले असते, तर कदाचित तू तो प्रसंग सहज पाहिला असतास, आणि ही गोष्ट आपल्या दोघांनाही अस्वस्थ करणारी आहे.

ही शंका पटकथेसाठी ओढूनताणून आणलेली नाही, हे दाखवायला इतिहासातील दोन प्रकरणे पुरेशी आहेत. नाझींच्या मायदानेक छळछावणीतील क्रूर पहारेकरीण हर्मीन ब्राउनस्टाइनर हिने युद्धानंतर एका अमेरिकन माणसाशी लग्न केले आणि ती न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात साधी गृहिणी म्हणून राहू लागली. १९६४ साली एका वृत्तपत्राचा बातमीदार तिच्या दारात जाऊन उभा राहीपर्यंत तिचे हे आयुष्य निर्वेध चालू होते. १९७३ साली तिला पश्चिम जर्मनीच्या हवाली करण्यात आले आणि १९८१ साली जन्मठेप झाली. म्हणजे शेजारच्या घरात असा माणूस राहत असणे ही मायाच्या भ्रमिष्ट मनाची कल्पना ठरत नाही, ते त्या काळात खरोखर घडत होते. दुसरे प्रकरण याच्या उलट दिशेचे आहे. ओहायो राज्यात मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉन देम्यानयुकला नाझींच्या ट्रेब्लिंका छावणीतून वाचलेल्या लोकांनी तिथला कुख्यात क्रूर पहारेकरी ‘इव्हान द टेरिबल’ म्हणून ओळखले. त्या लोकांनी न्यायालयात अत्यंत खात्रीने साक्ष दिली, १९८८ साली जेरुसलेममध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि १९९३ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तो इव्हान असल्याबद्दल वाजवी शंका उरते म्हणून ती रद्द केली. पण गोष्ट तिथेही संपली नाही. सोबिबोर या दुसऱ्याच छावणीत पहारेकरी असल्याबद्दल म्युनिकच्या न्यायालयाने त्याला २०११ साली दोषी ठरवले, आणि त्यावरचे अपील प्रलंबित असतानाच पुढच्या वर्षी तो मरण पावला. त्या साक्षीदारांचा विचार माझ्या मनातून जात नाही. ते खोटे बोलत नव्हते. ज्या चेहऱ्याने त्यांच्या माणसांना मारले तो चेहरा त्यांच्या मनात कोरलेला होता, आणि तरीही तो चेहरा आणि न्यायालयात बसलेला माणूस एकच आहेत असे कायद्याला खात्रीने म्हणता आले नाही.

लुईसबद्दल तू थोडे कठोर लिहिले आहेस. तो नवरा म्हणून भित्रा आहे, बायकोवर विश्वास ठेवत नाही, असे तुझे म्हणणे. मला तो वेगळा दिसतो. एवढी वर्षे एकत्र संसार केल्यावर एका रात्रीत त्याला कळते की बायकोने आपला भूतकाळ त्याच्यापासून लपवला होता, आणि तो डॉक्टर असूनही तिच्या वाईट स्वप्नांचे खरे कारण त्याला उमगले नव्हते. तो काळही लक्षात घे. आघातोत्तर तणाव विकार हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात आले ते १९८० साली. तोवर अशा बायकांना नसांचा आजार आहे, हवापालट करावा, जुने विसरून जावे, असेच सांगितले जाई. विसरून जाण्याचा हा सल्ला मायाने प्रामाणिकपणे पाळला होता. नवे गाव, नवी भाषा, नवे घर या सगळ्यांत तिने स्वतःला नव्याने रचले, आणि त्या रचनेत लुईसलाही एका अर्धसत्यावर उभे केले. ख्रिस मेसिनाने या माणसाची गोंधळलेली सभ्यता फार समजून केली आहे. मात्र मधल्या भागात पटकथा त्याला तळघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती ये-जा करायला लावते, आणि तिथे चित्रपट रेंगाळतो, हे मला मान्य आहे.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. माया रोमा आहे, ही बाब चित्रपटाला फार पुढे नेता आली असती, पण ती केवळ उल्लेखापुरती राहते. १९४२ साली हिटलरचा साथीदार असलेला रुमानियाचा हुकूमशहा आन्तोनेस्कू याच्या राजवटीने रुमानियातील सुमारे २५,००० रोमांना ट्रान्सनिस्ट्रिया या व्यापलेल्या सोव्हिएत प्रदेशात हाकलले आणि त्यांपैकी सुमारे ११,००० तिथे उपासमारीने, थंडीने आणि रोगराईने मेले. युद्ध संपल्यावरही या लोकांचे दुःख कोणाच्या हिशेबात धरले गेले नाही. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तर १९५६ साली असा निवाडा दिला की १९४३ पूर्वी जिप्सींवर झालेली कारवाई वांशिक छळ नव्हती, तर गुन्हेगारीला आळा घालण्याचा उपाय होता, आणि त्यामुळे कित्येकांची नुकसानभरपाई नाकारली गेली. त्या देशाच्या सरकारने रोमा आणि सिंती (जर्मन भाषक प्रदेशातली त्यांचीच शाखा) यांचा वंशसंहार अधिकृतपणे मान्य केला तो १९८२ साली. आता मायाच्या जागी उभा राहून बघ. तिने पोलिसांकडे जावे, न्यायालयात जावे, असे तूही लिहिले आहेस आणि लुईसही सुचवतो. पण कोणत्या न्यायालयात? ज्या काळात ती जगते आहे, त्या काळात तिच्या समाजाचा छळ झाला होता हेच न्यायाधीशांना मान्य नव्हते. तळघर हे तिचे न्यायालय का बनते, याचे उत्तर इथे आहे, आणि चित्रपटाने ते प्रेक्षकांना सांगायला हवे होते.

आता शेवट. थॉमस अखेर मोडतो. आपण त्या रात्री तिथे होतो हे तो कबूल करतो, आणि मायाला जे हवे होते तेही सांगतो. तिने बहिणीला सोडले नव्हते. हे ऐकताना नूमी रापासच्या चेहऱ्यावर जे घडते, तेवढ्यासाठी तरी तू हा भाग पाहावास असे मला फार वाटते. पंधरा वर्षांचे ओझे उतरताना आनंद होत नाही, माणूस आधी रिकामा होतो. त्या क्षणी तिला त्याचा जीव नको असतो. आणि नेमका त्याच क्षणी लुईस गोळी झाडतो.

या गोळीवर मी बराच विचार केला आहे. ज्याच्या अंगावर घाव नव्हता, त्याच्या हातून खून होतो. ज्याने एवढा वेळ शंका घेतली, त्याला खात्री पटताच धीर धरवत नाही. मायाचा राग जुना होता, तिने तो अनेक वर्षे वागवला होता, त्याच्याशी तिची झटापट चालूच होती. लुईसचा राग काही क्षणांचा आहे आणि म्हणून बेलगाम आहे. इतरांच्या दुःखाचा सूड घ्यायला निघालेली माणसे किती सहज टोकाला जातात, हे मी याआधी पडद्यावर इतक्या नेमकेपणाने पाहिले नव्हते. शिवाय संसारात आता नवे गुपित आले. पहिले मायाने लुईसपासून लपवले होते, दुसरे दोघांना मिळून थॉमसच्या बायकोपासून, रेचलपासून, लपवावे लागणार. आपला नवरा कोण होता आणि तो कुठे गेला, हे त्या बाईला कधी कळणार? मायाने तिच्याशी मैत्री केलेली असते, आणि चित्रपटातील सर्वांत क्रूर गोष्ट मला ती मैत्री वाटते, तळघरातील मारहाण नव्हे.

तुला सूडाशिवायची कथा हवी असेल, तर क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचा २०१४ सालचा ‘फिनिक्स’ हा जर्मन चित्रपट बघ. त्यात नाझींच्या ऑश्वित्झ छावणीतून वाचलेली नेली ही ज्यू गायिका चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर उद्ध्वस्त बर्लिनमध्ये आपल्या नवऱ्याला शोधते. तो तिला ओळखत नाही. उलट ती आपल्या मेलेल्या बायकोसारखी दिसते म्हणून, वारशाचे पैसे मिळवण्यासाठी, तिने त्या बायकोचे सोंग वठवावे असे तो सुचवतो, आणि ती स्वतःचेच सोंग करायला तयार होते. नवऱ्याने आपल्याशी दगाफटका केला असावा ही कुणकुण तिला असते, पुरावा फार उशिरा हाती येतो. शेवटी ती त्याला पियानोवर साथ करायला सांगते आणि गाऊ लागते. गाता गाता बाही वर सरकते, हातावर गोंदलेला छावणीतील क्रमांक त्याला दिसतो आणि त्याची बोटे थांबतात. ती गाणे पुरे करून निघून जाते. नीना होस या अभिनेत्रीने हा प्रसंग केला आहे. हातोडा नाही, पिस्तूल नाही, कोणी ओरडत नाही, आणि तरी त्या माणसाला यापुढे कधी शांत झोप लागेल असे मला वाटत नाही. हा चित्रपट फ्रिट्झ बाउअर यांना अर्पण केलेला आहे. १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफुर्टमध्ये ऑश्वित्झ छावणीत काम केलेल्यांवरचा खटला उभा राहिला तो मुख्यतः या सरकारी वकिलाच्या चिकाटीमुळे. छावण्यांमधून वाचलेल्यांनी जर्मन न्यायालयात, जर्मन लोकांसमोर, आरोपींच्या डोळ्यांत बघत बोलावे असा त्यांचा आग्रह होता. माया तळघरात जे मिळवू पाहते ते उघड्यावर, सर्वांदेखत मिळावे यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले, ही गोष्ट मला या दोन्ही चित्रपटांच्या जोडीला सतत आठवते.

तू म्हणशील, मग ‘फिनिक्स’च श्रेष्ठ, त्या तळघराचा हट्ट कशाला? कलाकृती म्हणून ‘फिनिक्स’ उजवा आहे, यात मला शंका नाही. पण नेलीकडे तिचा आवाज होता आणि ती ज्याच्यासमोर गायली तो तिच्यावर एकेकाळी प्रेम करणारा माणूस होता. मायासमोर बसलेल्या माणसाला तिचे नावही माहीत नव्हते. त्याने तिला कधी माणूस म्हणून पाहिलेच नव्हते, म्हणून त्याच्याकडून खरे वदवून घ्यायला तिला दुसरा मार्ग सापडला नाही. तो मार्ग योग्य होता असे मी म्हणत नाही. तिच्या जागी दुसरा कोणता मार्ग उपलब्ध होता, हे मात्र मला अजून कोणी पटवून दिलेले नाही, आणि तू ते पटवून देऊ शकलास तर मला हवेच आहे. त्यासाठी निदान शेवटची वीस मिनिटे पाहा आणि लुईसच्या त्या गोळीबद्दल तुला काय वाटते ते सविस्तर लिही. तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझा,
जुना मित्र