आमचं जुनं घर सांभाळून नवं करून देणाऱ्या आर्किटेक्ट मॅडमना

मॅडम, काम संपलं, तुम्ही पुढच्या साइटवर गेलात आणि घाईगडबडीत नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, जुन्या घराचं काय करावं या विचारात असलेल्या अजून कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा घरात दोन तट पडले होते, एकांचं म्हणणं पाडून टाका, दुसऱ्यांचं अगदी होतं तस्संच परत करा. तुम्ही दोघांचंही ऐकून घेतलंत पण ड्रॉइंग काढायच्या आधी ओल कुठून येतेय ते शोधत बसलात. आधीच्या एका कंत्राटदाराने दगडी भिंतीला सिमेंटचं प्लॅस्टर मारलेलं आणि सगळ्यांना वाटायचं की निदान तेवढा भाग तरी मजबूत आहे. तुम्ही समजावलंत की चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट तीच आत कोंडून ठेवतं, मग पाण्यातले क्षार दगडात साठून त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचेच पोपडे सुटतात. ते प्लॅस्टर तुम्ही छिन्नीने हळूहळू काढायला लावलंत, ब्रेकर आत येऊ दिला नाहीत, भिंत वाळेपर्यंत थांबलात आणि मगच चुन्याचा गिलावा केलात. तोही उन्हाने झटकन वाळून तडकू नये म्हणून ओली पोती लावून!

तुळईचं तर मी येईल त्याला दाखवते. भिंतीत गेलेलं टोक फक्त कुजलेलं, बाकी लाकूड ठणठणीत, तरी सगळे अख्खी तुळई बदला म्हणत होते. तुम्ही तेवढंच टोक कापून नवीन लाकूड तिरक्या सांध्याने जोडलंत आणि त्याला जुना रंग फासू दिला नाहीत, आज तो फिकट तुकडा लगेच दिसतो आणि मला तेच आवडतं. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची जी आंतरराष्ट्रीय सनद आहे, त्या 1964 च्या व्हेनिस चार्टरमध्येही हेच आहे ना, की नवीन भर जुन्याशी जुळावी पण वेगळी ओळखू यावी.

नव्या लोखंडी जिन्याला मात्र घरच्यांचा विरोध होता. तेव्हा तुम्ही बर्लिनच्या नॉयेस म्युझियमचे फोटो दाखवलेत, युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेली इमारत, आर्किटेक्ट डेव्हिड चिपरफील्ड यांनी ती सावरली आणि 2009 ला परत उघडली, तिथला मुख्य जिना जुन्याची हुबेहूब नक्कल न करता साध्या पांढऱ्या काँक्रीटमध्ये केलाय आणि शेजारच्या जखमी भिंती तशाच ठेवल्यात. ते बघून सगळे गप्प झाले. आपला जिना जुन्या भिंतीला टेकतही नाही, मधे फट आहे, सगळा नटबोल्टवर उभा, उद्या कुणाला नको झाला तर भिंतीला धक्का न लावता काढता येईल. मागची मोठी काच मला अजूनही जरा जास्तच वाटते, हेही सांगून टाकते, पण उजेड भरपूर येतो हे खरं.

आणि ती फाइल, मॅडम! चुन्याचं मिश्रण किती मापाचं, कुठला दगड कुठून काढून कुठे लावला, सगळं फोटोंसकट. पुढे ज्याला दुरुस्ती करायचीय त्याला अंदाजाने काही करावं लागणार नाही. तुमच्या ऑफिसमधली जी मुलगी भर उन्हात एकेका दगडावर नंबर टाकत होती तिला, आणि गवंडी-सुतार सगळ्यांनाच, माझे मनापासून आभार सांगा.