‘तीन लाख पगार’ : हातात किती, कोणत्या गावात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीत कुशल कामगार व परिचारिका हव्यात, अशा बातम्या आणि जाहिराती बेळगावात आता नेहमीच्या झाल्या आहेत. भारतीय कुशल मनुष्यबळासाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देऊ, असे जर्मनीने २०२४ मध्ये जाहीर केल्यापासून त्यांना जास्तच जोर चढला आहे. हिशेब ठरलेला असतो : पगार ३,००० युरो, युरो शंभराच्या घरात, म्हणजे महिना तीन लाख. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ३० हजार पगारावर काम करणाऱ्या सीएनसी सेटरला (संगणकावर चालणारी यंत्रे लावून देणाऱ्या कामगाराला) हे दहापट वाटणारच. ‘तिकडे खर्चही तेवढाच’ म्हणून ते उडवून लावणारेही अर्धेच बरोबर आहेत.

आधी पगाराची चिठ्ठी पाहू. ३,००० हा कपातीपूर्वीचा आकडा. पेन्शनचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३, आरोग्य विम्याचे साडेआठ-पावणेनऊ आणि वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्याचे अडीचच्या आसपास, असे मिळून सुमारे ६५० युरो जातात. एकट्या माणसाचा आयकर २८०च्या जवळपास. हातात २,०५० ते २,१००. लग्न झालेल्याला कराचा सोयीचा वर्ग मिळतो खरा, पण बायको बेळगावातच राहिली तर भारतीय नागरिकाला तो मिळत नाही. एजंट हे सहसा सांगत नाहीत. तिथे राहायला गेल्यावर करायच्या गावनोंदणीच्या फॉर्मवर धर्म कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिला, तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर वेगळा. खानापूर भागातल्या ख्रिस्ती मुलांनी हे आधीच जाणून घ्यावे.

मध्यम शहरात एका खोलीचे भाडे, गरम पाणी व हीटिंग धरून, ६५० युरो. वीज वेगळी, ४५ च्या आसपास. घरात टीव्ही असो वा नसो, प्रसारण शुल्क दरमहा १८.३६. मोबाइल-इंटरनेट ४०, देशभर लोकल गाडी-बसला चालणारा मासिक पास २०२६ पासून ६३, घरी रांधून खाल्ले तर जेवण २८०. बेरीज ११०० पर्यंत जाते. म्युनिकमध्ये एवढ्यात भागत नाही.

भाड्यातच लोक जास्त फसतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ते ‘थंड’ भाडे. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांचा हप्ता त्यावर. हा हप्ता अंदाजाने ठरतो आणि खरा हिशेब वर्ष संपल्यावर येतो. थंडीत दिवसभर हीटर चालू ठेवला असेल, तर काहीशे युरोंची वाढीव मागणी एकदम हातात पडते. अनामत तीन थंड भाड्यांपर्यंत. कित्येक घरांत स्वयंपाकाचा ओटा, शेगडी, सिंक काहीच नसते. तेही स्वतः आणायचे. खिडक्या इतक्या घट्ट असतात की डाळ-भाताची वाफ आणि दोरीवरच्या कपड्यांची ओल आतच राहते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घर सोडताना अनामतीतून कापले जाते. उपाय सोपा : दिवसातून दोन-तीनदा, बर्फ पडत असला तरी, समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटे सताड उघडाव्यात. फटीएवढी खिडकी दिवसभर उघडी ठेवली तर भिंत गार पडते, बुरशी वाढते आणि बिलही.

आता गुणाकार. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबाने, अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या गोष्टींना भारतात सुमारे २० रुपये आणि जर्मनीत सुमारे ०.७ युरो पडतात. म्हणजे तिथे *खर्च होणारा* युरो २८-२९ रुपयांच्या तोलाचा. त्या ११०० युरोंत जे जगणे मिळते, ते इथे एकतीस-बत्तीस हजारांत मिळेल. उरलेले ९५० युरो घरी पाठवले तर त्यांचे मात्र शंभराच्या दराने ९५ हजार होतात. एकाच पगाराला असे दोन भाव लागतात. (क्रयशक्तीचा दरही सरासरी आहे : केशकर्तन नि प्लंबर तिकडे फार महाग, मोबाइल फोन मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच किमतीला.)

बायको-मुले गेली की हे गणित उलटते. प्रत्येक मुलामागे दरमहा २५९ युरो बालभत्ता मिळतो, करही कमी होतो, पण तीन खोल्यांचे भाडे हजाराच्या वर जाते आणि घरी पाठवायची शिल्लक पातळ होते. त्या बदल्यात जे मिळते ते पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही. सरकारी शाळेला फी नाही. कमाई नसलेली बायको व मुले त्याच आरोग्य विम्यात, जादा हप्ता न भरता. आजारी पडल्यास सहा आठवडे पूर्ण पगार, पुढे त्याच आजारासाठी विम्याकडून कपातीपूर्वीच्या पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत, तीन वर्षांत, ते पहिले सहा आठवडे धरून, ७८ आठवड्यांपर्यंत.

आपल्याकडे ईएसआयमध्येही (कामगार राज्य विमा योजनेत) आजारपणात ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवस. पण पगार २१ हजारांच्या वर गेला की सामान्यतः ईएसआय सुटते. आपला ३० हजारांचा सेटर ईएसआयबाहेर, आणि बीपीएल कार्ड नसल्याने सरकारी योजनेतल्या पाच लाखांच्या मोफत उपचारांच्या बाहेरही. एक बायपास झाली की बचत साफ. जर्मनीशी खरी तफावत मला इथे दिसते, जेवणखाणात नाही. पाण्याचेही तसेच. बेळगावच्या दहा वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, म्हणजे ते जमते. बाकीच्या शहरात बऱ्याच ठिकाणी अजून टाक्या भरून ठेवतात.

उलट बाजूही मांडली पाहिजे. इथे कर्नाटक सरकारच्या योजनांमुळे २०० युनिटपर्यंतची वीज (‘गृहज्योती’) आणि बायकांचा राज्यातला साध्या बसचा प्रवास (‘शक्ती’) मोफत. तिकडे आईवडिलांना नेणे कुशल कामगाराला मार्च २०२४ पासून कायद्याने शक्य झाले असले, तरी त्यांचा खर्च व आरोग्य विमा स्वतः उचलावा लागत असल्याने अवघडच. आणि पाच वर्षे, म्हणजे ६० महिने, हप्ते भरल्याखेरीज तिथली पेन्शन नाही; मात्र मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे इथली पीएफची वर्षे त्या मुदतीत धरता येतात. म्हणून जाताना पीएफ काढून खाते बंद करण्याची घाई करू नये.

मानव विकास निर्देशांकात २०२५ च्या अहवालानुसार जर्मनी ५वा, भारत १३०वा. मच्छे-उद्यमबागेतल्या माणसाला निर्णय घ्यायला हे आकडे फारसे कामाचे नाहीत. आपल्या वृत्तपत्राने अशा जाहिराती व बातम्या छापताना पगार कपातीपूर्वीचा की हातातला, कोणत्या शहरातला, आणि आयटीआय किंवा नर्सिंगच्या पात्रतेला पूर्ण मान्यता मिळेपर्यंत कमी पगारावर किती महिने काढायचे, एवढे तीन तपशील जाहिरातदाराकडून मागून घ्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव