मशिनं वाटली, आता शिकवायचं कोण बघणार?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

शिलाई मशीन वाटपाचा फोटो पेपरात अधूनमधून येतोच, ओळीनं मांडलेली मशिनं, मागं पाहुणे मंडळी हार घालून आणि ज्यांना मशीन मिळालं त्या बायका कुठंतरी कडेला. मशीन मिळतंय हे चांगलंच आहे, त्याला माझा काही विरोध नाही. पण फोटोनंतर त्या मशीनचं काय होतं ते एकदा आपल्या बातमीदाराला गल्लीबोळात फिरून बघायला सांगा. आमच्याकडं एकीच्या मशीनवर मिक्सर ठेवलाय आणि एकीनं वर चादर टाकून इस्त्रीचे कपडे रचलेत.

त्या बायका आळशी आहेत असं अजिबात नाही. दोरा सारखा तुटतो, खालच्या अंगाला नुसती गुंतवळ होते, मग वैतागून सोडून देतात. कारणं बघायला गेलं तर अगदी बारीक असतात, सुईची चपटी बाजू भलत्या अंगाला बसवलेली असते नाहीतर वरच्या दोऱ्याचा ताण सैल झालेला असतो, आणि पायडल मारताना चाक उलटं फिरलं की दोरा गुंतणारच. जाड कापडाला 18 नंबरची सुई लागते, साध्या सुतीला 16 चालते, हे सुद्धा कुणी सांगितलेलं नसतं. शेजारी जाणतं माणूस बसलं तर पाच मिनिटाचं काम आहे. यूट्यूबवर सगळं मिळतं म्हणतात, मीही बघते, पण व्हिडिओतल्या ताईंना तुमचा पाय पायडलवर कसा पडतोय ते दिसत नाही ना.

मोठ्या क्लासचं तर विचारूच नका. मी एका ठिकाणी फी भरून गेले होते, वर्गात बायका चाळीसेक आणि चालू मशिनं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, बाई फळ्यावर ब्लाउजचं ड्राफ्टिंग काढणार, छातीचा चौथा भाग, मुंढा एवढा, टक्स इथं, माया एवढी सोडा, आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचं. कातर हातात कधी आली तर आली. कोर्स संपला, सर्टिफिकेट मिळालं, ते फाईलमध्ये आहे.

खरं शिकले ते नंतर, एका बाईंच्या घरी माडीवर. एका वेळी सहा-सात जणीच घेतात, जास्त नाही म्हणजे नाही. सुरुवातीला मशीनमध्ये दोराच नाही, रेघा मारलेला कागद घ्यायचा आणि त्यावर बिनदोऱ्याची टीप मारत बसायची, भोकं रेघेवर पडतात का बघायचं. मग पिशवी. आणि मग ब्लाउज नव्हे, वाकळ, म्हणजे जुन्या कापडाची गोधडी! पहिल्यांदा मलाही वाटलं की हे काय आता, वाकळ तर आमची आज्जी अंगणात बसून घालायची, त्याला क्लास कशाला. पण त्यात डोकं आहे. वाकळीला जुनं लुगडं लागतं, फाटलं तरी नुकसान नाही, त्यामुळं कातर चालवताना हात कापत नाही. नवीन ब्लाउज पीस कापायचं म्हटलं की निम्म्या बायकांचं धाडसच होत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. तुकडे जोडताना कापडाचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला ते आपोआप कळतं, उरेब म्हणजे तिरपा कापलेला तुकडा कसा ताणून लांब होतो ते हाताला कळतं, आणि हेच पुढं गळ्याच्या पट्टीला उपयोगी पडतं. काठापासून धावदोरा घालत घालत आत मध्यापर्यंत यायचं, आतले थर सरकू द्यायचे नाहीत. तेवढं जमलं की अस्तराचा ब्लाउज अवघड जात नाही. मात्र सुतीच घ्या, सिंथेटिक साड्यांची वाकळ निसटते पण आणि घाम पण शोषत नाही. त्यानंतर झबलं, परकर, साधा ब्लाउज आणि कटोरी ब्लाउज सगळ्यात शेवटी, घाई कुणालाच नसते.

आमच्यात यंत्रमागावर कामाची पाळी करून येणारी एक जण आहे, उशीर झाला तरी तिला कुणी बोलत नाही, तिचं पोर त्याच अर्धवट वाकळीवर झोपलेलं असतं. एक रिटायर्ड काका पण येतात, आधी जरा सगळ्या अवघडल्या, आता बटणाचं काज करावं तर काकांनीच. उसवायला लागलं तर हसायचं नाही हा बाईंचा नियम, कारण उसवल्याशिवाय कुणालाच येत नाही.

सरकारी सोय नाही असं मी म्हणत नाही. आयटीआयला शिवणाचा वर्षभराचा कोर्स आहे. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली त्यात शिंपी काम धरलंय, ट्रेनिंगला दिवसाला 500 रुपये आणि साहित्याला 15 हजारापर्यंत मिळतात. पण तिथलं सुरुवातीचं ट्रेनिंग पाच-सात दिवसाचं, ते आधीच या धंद्यात असलेल्या माणसाला ठीक. जिला घर, पोरं, मागाची पाळी सांभाळून पहिल्यापासून शिकायचंय तिनं काय करायचं? आणि वाकळ तर कुठल्या कोर्समध्ये मला तरी दिसली नाही. तिकडं कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका अशाच जुन्या कापडाची कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात, कोपऱ्याला घडी घातलेली कापडी फुलं लावतात, आणि त्या लोक मुद्दाम विकत घेतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातात तीच कला आहे, त्यांना कुणी विचारत नाही.

आमच्या इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून गावात कापडच कापड. 2022 ला महापालिका झाली. माझी मागणी साधी आहे. महापालिकेच्या शाळांच्या ज्या खोल्या दुपारनंतर कुलूप लावून पडतात त्यातल्या काही अशा लहान क्लासना द्या, एका बॅचला आठपेक्षा जास्त नाहीत अशी अट घाला, आणि वाकळ घालणाऱ्या दोन आज्ज्यांना मानधन देऊन आठवड्यातून एकदा बोलवा. मशीन वाटतानाच त्या बाईचं नाव जवळच्या बॅचला लिहून घ्या, म्हणजे मिक्सर ठेवायला दुसरी जागा बघावी लागेल. खोली कसली पण चालेल, फक्त खिडकी मोठी असू द्या, काळ्या कापडावर काळी टीप ट्यूबच्या उजेडात दिसत नाही.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी