हन्स्टंटनची शाळा आणि आपल्या पडवीच्या काचा

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

बाबा, पडवीला लोखंडी अँगलची चौकट करून काचा लावायचं तुम्ही ठरवलंत. फॅब्रिकेटर म्हणतो, चौकटीलाच पट्ट्या वेल्ड करून काच घट्ट दाबून बसवू, हलणार नाही. तुम्ही विचारलंत, यात बिघडतं काय? याचं उत्तर इंग्लंडात नॉरफकच्या किनाऱ्यावर एका शाळेने सत्तर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. शाळा हन्स्टंटनची. पण आई, ती कोणत्या मुलांसाठी बांधली हे तुला आधी सांगते, कारण शाळेतली तू आहेस.

१९४४ च्या कायद्याने तिथे सरकारी माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत झालं. मात्र अकराव्या वर्षी परीक्षा. वरच्या गुणांची थोडी मुलं ग्रामर स्कूलला, म्हणजे पुढे कॉलेजकडे नेणाऱ्या शाळेत जात, बाकीची बहुतेक सेकंडरी मॉडर्न या साध्या माध्यमिक शाळेत. हन्स्टंटनची शाळा सेकंडरी मॉडर्नच. तिसऱ्या प्रकारच्या तंत्रशाळाही योजनेत होत्या, प्रत्यक्षात फार थोड्या निघाल्या. १९४७ मध्ये शाळा सोडण्याचं वय १४ वरून १५ झालं आणि वर्ग अपुरे पडू लागले. इतक्या लहान वयात मुलावर शिक्का मारणं मला मुळीच पटत नाही. म्हणूनच या 'उरलेल्या' मुलांना त्या काळातली सगळ्यात धाडसी इमारत मिळाली, याचं मला फार मोल वाटतं.

तिच्यासाठी खुली स्पर्धा झाली आणि पीटर व ॲलिसन स्मिथसन या तरुण वास्तुविशारद जोडप्याने ती जिंकली. ॲलिसनने तेव्हा नुकतीच विशी ओलांडली होती. युद्धानंतरच्या पोलादटंचाईत काम रेंगाळलं आणि १९५४ मध्ये पूर्ण झालं.

आराखडा साधा आहे. एक लांबट दुमजली आयत, मध्ये दोन्ही मजल्यांइतक्या उंचीचं सभागृह, त्याच्या दोन बाजूंना दोन मोकळे चौक. वर्ग वरच्या मजल्यावर आणि दर दोन वर्गांना मिळून एक जिना. त्यामुळे वर लांबलचक व्हरांडा लागत नाही आणि वर्गाला दोन्हीकडून उजेड मिळतो. आई, तास बदलताना व्हरांड्यात उसळणारी गर्दी तू आयुष्यभर आवरलीस, हा भाग तुला लगेच पटेल. व्यायामशाळा वेगळ्या इमारतीत आहे. पाण्याची टाकीसुद्धा लपवलेली नाही. दाबून आकार दिलेले चौकोनी पोलादी पत्रे बोल्टने जोडलेली ती टाकी लोखंडी मनोऱ्यावर शाळेच्या खुणेसारखी उभी आहे.

आतही काही झाकलेलं नाही. भिंतीची वीट ती वीटच, वर पाहिलं की स्लॅबच्या काँक्रीटच्या फळ्या दिसतात, विजेचे पाइप भिंतीवरून उघडे जातात. हात धुवायच्या बेसिनखालचे सांडपाण्याचे पाइप तर सरळ जमिनीतल्या उघड्या पन्हाळीत पाणी सोडतात. काही लोकांना हे ओबडधोबड वाटलं. मला वाटतं, मुलाला पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे रोज डोळ्यांसमोर दिसतं, आणि काही तुंबलं तर भिंत फोडावी लागत नाही.

बाबा, आता तुमचा भाग. सांगाडा वेल्ड केलेल्या पोलादी चौकटींचा आहे. गणित अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या रोनाल्ड जेन्किन्स यांचं, आणि तेही तेव्हा नव्या असलेल्या 'प्लॅस्टिक' पद्धतीने (प्लॅस्टिक म्हणजे इथे वाकून तसंच राहणं). जुन्या पद्धतीत तुळईची कड लवचीकपणाची हद्द ओलांडू लागली की तिथेच मर्यादा मानत. नव्या पद्धतीत तो भाग थोडा वाकून भार शेजाऱ्यांकडे ढकलतो हे धरून चालतात, म्हणून पोलाद कमी लागतं. सांधे मात्र पक्के वेल्डचे हवेत. टंचाईत हे शहाणपणाचंच होतं. पण बारीक सांगाडा जास्त हलतो, आणि काचा त्याच्याच पोलादात थेट बसवलेल्या होत्या. तिथेच घात झाला.

हिशेब करून पाहा. तीन मीटरचं पोलाद ३० अंशांनी तापलं तर सुमारे १.१ मिलिमीटर वाढतं, तितकीच काच ०.८. शिवाय उन्हात दोन्ही सारखी तापत नाहीत आणि वाऱ्याने चौकट तिरकी होते. काचेला सरकायला जागा नसली की ताण कडेवर येतो, आणि कापताना राहिलेल्या बारीक टवक्यापासून तडा जातो. त्यात हन्स्टंटनला समुद्राची खारी हवा. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, तो काच बसवलेल्या खाचेत वाढून काचेला दाबतो. एकेरी काचेमुळे वर्ग उन्हाळ्यात तापत, हिवाळ्यात गार पडत. पुढे बऱ्याच काचा काढून त्या जागी काळ्या अपारदर्शक फळ्या बसवाव्या लागल्या. तरीही इमारत संरक्षित वारशाच्या यादीत, दुसऱ्या श्रेणीत तारांकित आहे आणि स्मिथडन हायस्कूल या नावाने तिथे शाळा चालू आहे.

तेव्हा पडवीला असं करा. चौकट आधी पूर्ण वेल्ड करून घासून घ्या, प्रायमरचे दोन हात खाचेच्या आतसुद्धा द्या, कारण काच बसल्यावर तिथे ब्रश जात नाही. काच खाचेपेक्षा चारी बाजूंनी ३ मिलिमीटर लहान मागवा. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप चौकट उभी राहिल्यावरच घ्या, कर्णही मोजा. खाली रबराचे दोन ठोकळे, प्रत्येक कडेपासून काचेच्या रुंदीच्या पाव अंतरावर. काच लोखंडाला कुठेही टेकू देऊ नका. बाहेरची पट्टी वेल्डची नको, स्क्रूची हवी. पुट्टी वाळून दगड होते, त्याऐवजी न्यूट्रल सिलिकॉन वापरा. आंबट वासाचं सिलिकॉन लोखंडाला गंज आणतं. खालच्या खाचेला पाणी निघायला दोन-तीन भोकं ठेवा.

पश्चिमेच्या बाजूला काचेऐवजी लाकडी झडपा ठेवल्या तर आईला दुपारी तिथे बसता येईल. फॅब्रिकेटरला पैसे देण्याआधी मापांचा कागद मला फोनवर पाठवा.

तुमची,
लेक